मेणवलीच्या घाटावर, गुडघ्याखालचं सगळं

काम देणाऱ्यांची अट एका ओळीची होती: देऊळ नको, घंटा नको, वाडा नको, बारा फोटो हवेत. मेणवलीच्या बाबतीत ही अट जरा कठोरच. वाईपासून तीनेक किलोमीटरवरचा हा कृष्णेचा घाट. वर नाना फडणवीसांचा वाडा, खाली मेणेश्वराचं देऊळ, आणि 1739 च्या वसई मोहिमेनंतर आणलेली ती घंटा. येणारा प्रत्येक जण नजर वर ठेवून चालतो. मग उरलं काय? गुडघ्याखालचं सगळं: पायऱ्या, सांधे, शेवाळ, पाण्याच्या रेषा, किड्यांच्या काती. आणि कोरलेले पटखेळ, जे दिवसाढवळ्या जवळपास दिसतच नाहीत.

डिसेंबरात सकाळी सहाला पोचलो, कारण पट शोधायची वेळ अंधाराचीच. विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरायची आणि पायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकवत न्यायची. उभ्याने वरून झोत मारला तर काहीही दिसत नाही. हिशोब सोपा आहे. कोरलेली रेघ जेमतेम 2 मिलिमीटर खोल. प्रकाश 45 अंशांनी आला तर तिच्या काठाची सावलीही 2 मिलिमीटरच पडते, आणि काळ्या दगडावर ती विरून जाते. प्रकाश 10 अंशांवर आणला की तीच सावली 11 मिलिमीटरची होते. रेघ 5 मिलिमीटर रुंद, म्हणजे ती काठोकाठ काळी भरते. सूर्याकडून हे काम होत नाही. डोंगर आणि झाडं ओलांडून ऊन घाटावर येईतो ते पुरेसं वर चढलेलं असतं.

सापडलेल्या पटांपैकी एक वीतभराहून थोडा मोठा होता, साधारण 30 सेंटिमीटरचा. त्याच्यावरच सकाळ गेली.

आधी कॅमेरा दगडाला समांतर लावणं. इथे पाणसळीवर विसंबलं की फसगत. पाणी निथळावं म्हणून पायरीला नदीकडे किंचित उतार असतो. कॅमेरा तंतोतंत सपाट ठेवला तर चौकोन एका बाजूने निमुळता येतो. त्यावर जुनी युक्ती म्हणजे आरसा. हातभर उंचीवर तिवईच्या आडव्या दांड्याला कॅमेरा टांगायचा, पटाच्या मध्यावर छोटा सपाट आरसा ठेवायचा, आणि भिंगाचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यात येईपर्यंत कॅमेरा कलवत राहायचं. प्रतिबिंब मध्यात आलं की काम झालं, आरसा उचलायचा. मोबाइलने काढतानाही हे चालतं.

मग फ्लॅश. पहिल्या चित्रात तो पटाच्या डाव्या बाजूला, 40 सेंटिमीटरवर ठेवला होता. दोन चुका एकदम झाल्या. एक तर डावीकडचा दगड पांढुरका पडला आणि उजवीकडचा बुडाला. जवळची कड 40 सेंटिमीटरवर आणि लांबची 70 वर म्हटल्यावर दीड स्टॉपहून जास्त फरक पडणारच (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). फ्लॅश 2 मीटर मागे नेला की हाच फरक अर्ध्या स्टॉपच्या आत येतो. तिथून 10 अंशांचा कोन राखायला त्याची उंची जमिनीपासून फक्त 35 सेंटिमीटर लागते, म्हणजे स्टँड नकोच, बॅगेवर ठेवला तरी पुरतो.

दुसरी चूक जास्त शिकवणारी. पडद्यावर सहा-सात समांतर रेघा दिसत होत्या, बाकी कोरा दगड. वाटलं, पाथरवटाच्या छिन्नीचे घाव असतील. खरं तर प्रकाश ज्या दिशेने येतो त्या दिशेच्या रेघांना सावलीच पडत नाही, त्या साफ गायब होतात. फ्लॅश पटाच्या बाजूसमोरून हलवून कोपऱ्यासमोर नेला, 45 अंशांनी तिरका, आणि पुढच्याच चित्रात एकात एक तीन चौकोन उभे राहिले, बाजूंच्या मध्यांना जोडणाऱ्या रेघांसकट. नवकंकरी! चोवीस घरं, दोघांना नऊ-नऊ सोंगट्या, आणि तीन एका रेघेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्या पटांना कर्णाच्याही रेघा असतात, वाघ-बकरीसारखे, तिथे कोपऱ्यावरून एक कर्ण नाहीसा होतो. अशा पटांसाठी फ्लॅश दोन वेगळ्या दिशांना ठेवून दोन चित्रं काढून ठेवावीत.

आकडे असे ठेवले: आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता, 100; भिंगाचं छिद्र एफ 8; शटर 1/200 सेकंद; फ्लॅश मॅन्युअलवर, 1/16 ताकदीवर. शटर याहून वेगवान केलं तर बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्राच्या कडेला काळा पट्टा येतो. ऊन आल्यावर पटावर छत्री धरावी, आणि ती काळीच हवी. रंगीत छत्रीतून दगडावर रंग उतरतो. फ्लॅश नसताना काळ्या दगडाचे फोटो हमखास राखाडी येतात, कारण कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. एक स्टॉप उणे केला की दगड पुन्हा काळा होतो.

एक गोष्ट ठणकावून सांगायची तर, रेघा दिसाव्यात म्हणून त्यात खडू, रांगोळी, पीठ काहीही भरू नये. भरणारा आपल्याला वाटते ती रेघ भरतो, आहे ती नव्हे. वर भुकटी दगडाच्या भेगांत बसते ती बसतेच. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, बस्स.

पाण्यालगतच्या पायरीच्या उभ्या दर्शनी भागावर चतुराची कात मिळाली. अळी रात्री पाण्याबाहेर चढते, दगडाला नखं रोवते, पाठीला चीर पाडून चतुर बाहेर पडतो. त्या चिरेतून पांढरे धागे लोंबतात, ते श्वासनलिकांचं अस्तर. मला तेच हवे होते. अगदी जवळून टिपणारं 100 मिलिमीटरचं मॅक्रो भिंग, सेन्सरवर वस्तू आहे तेवढ्याच आकाराची, एफ 8: एवढ्यात स्पष्ट येतं ते जेमतेम एक मिलिमीटर. कात बाजूने 7 मिलिमीटर जाड, म्हणून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने पुढे सरकत पंधरा चित्रं, नंतर संगणकावर जोडायची. कातीला वजन असं नसतंच, माझ्या श्वासानेही ती हलत होती. टोपी आडोशाला धरली आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. तरी चार चित्रं वाया गेली.

बुडालेल्या पायऱ्यांवरचं शेवाळ पोलरायझरने, म्हणजे पाण्यावरची चमक कापणाऱ्या फिल्टरने, पटकन झालं. पाण्याच्या पृष्ठभागाशी पस्तीस-चाळीस अंशांत उभं राहिलं की चमक सगळ्यात जास्त कटते. मात्र त्या पायऱ्यांवर पाऊल टाकू नये. वर धोम धरण आहे, पाऊस नसतानाही नदीची पातळी बदलते, आणि सुकलेलं दिसणारं शेवाळसुद्धा पायाखाली साबणासारखं सटकतं.

नऊच्या सुमाराला धुणं घेऊन बायका आल्या. जागा त्यांची, म्हणून सामान उचललं. नवकंकरीच्याच दगडावर एकीने चादर आपटली, बादली उपडी केली. पाणी ओघळून गेलं आणि फेस तेवढा रेघांत अडकून राहिला. काळ्या दगडावर पांढरा पट, कोपरा न् कोपरा.

“मावशी, जरा थांबता का? या दगडाचा फोटो घेतो.”

“घ्या की. त्यो दगुड व्हय? त्याच्यावर कापड सरकत न्हाई, म्हनून म्या हितंच बसती.”

हातात कॅमेरा, आयएसओ 400, 1/250. तीन चित्रं मिळाली. चौथ्याला फेस फुटला होता.