औंधच्या राजाने आधीच सोडलेली गादी

आज औंधला यमाईच्या डोंगरावरील संग्रहालय पाहून आलो. रविवर्म्याची मूळ चित्रे आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचे माता-बालकाचे दगडी शिल्प सातारा जिल्ह्यातल्या एका आडगावी ज्यांच्यामुळे आले, त्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींविषयी, म्हणजे भवानराव राजांविषयी, परतीच्या एसटीत विचार करीत होतो. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक असा हा राजा होता. पण मला त्यांची खरी थोरवी दिसते ती १९३८-३९ मध्ये त्यांनी जे केले त्यात. गळ्याशी आल्यावर गादी सोडणारे राजे इतिहासात पुष्कळ आहेत. औंधच्या राजांनी मात्र ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता शाबूत असताना, कोणाचीही सक्ती नसताना, आपल्या ७२ गावांचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला.

बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतलेले त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी पुढाकार घेतला, गांधीजींनी घटनेच्या मसुद्यात स्वतः लक्ष घातले आणि जानेवारी १९३९ मध्ये ती घटना अमलात आली. गावाने पंचायत निवडायची आणि शक्य तेवढा कारभार व न्यायनिवाडा गावातच व्हायचा, असा तिचा पाया होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली, जिथे शिक्षा झालेले कैदी भिंतींशिवाय राहून शेती करीत. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनमधील इतर संस्थानांबरोबर औंधही मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा प्रयोगही संपला. राजेशाही जाताना एक चांगले स्वराज्यही सोबत गेले, याची हळहळ मला राजवैभवापेक्षा अधिक वाटते.

विलीन झालेल्या संस्थानांच्या राजांना सरकारकडून तनखे, म्हणजे दरवर्षी ठरलेली रक्कम, मिळाले, तेही प्राप्तिकरमुक्त. ते बंद करणारे घटनादुरुस्तीचे विधेयक, ज्याला दोन तृतीयांश मते लागतात, सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत आले तेव्हा बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. दोन तृतीयांशाला एका मताचाही पूर्ण नव्हे, काही अंशच कमी पडला! मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढली गेली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि अखेर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे कायमचे गेले. विलीनीकरणाच्या वेळी दिलेला शब्द सरकारने मोडला, हा आक्षेप मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही. पण लोकांच्या पैशावर वंशपरंपरेने हक्क सांगणे ज्यांना अवघड वाटले नाही, त्यांच्याविषयी फार कळवळाही येत नाही.

माणसांच्या मनातील राजा मात्र घटनादुरुस्तीने जात नाही. आजही राजघराण्यातील उमेदवार निवडून येतात, आणि मतपेटीतून आलेल्या त्या निकालाला अडवण्याचा अधिकार मला नाही. मला फक्त त्या ७२ गावांपैकी एखाद्या पंचायतीचे १९३९ ते १९४८ पर्यंतचे दप्तर कुठे शिल्लक असेल, तर ते एकदा वाचायचे आहे.