कोथिंबिरीचा क्रेट: पेरणी ते दुसरी कापणी

जागा पुण्यातली गच्ची, पूर्वेची बाजू, सकाळी चार-साडेचार तास ऊन. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. भाजीचा जुना क्रेट, १८ बाय १२ इंच, आतून शेडनेट, खाली दोन विटा. मातीची खोली ७ इंच. कोथिंबिरीला सोटमूळ असतं. ४ इंची ट्रेमध्ये ती उगवते झकास, पण बोटभर झाली की अडते आणि लवकर फुलावर येते.

मिश्रण घमेल्याच्या मापाने: दोन भाग माती, एक कोकोपीट, एक गांडूळखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून पहिलं पाणी पिळून टाकलं, कारण त्यात क्षार उतरतात आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात.

धणे किराणा दुकानातलेच. आधी २० दाणे ओल्या फडक्यात ठेवले. दहाव्या दिवशी १३ दाण्यांना मोड होते. निम्म्यांनाही आले नसते तर ते धणे फोडणीला. एक धणा म्हणजे दोन बियांची जोडी, म्हणून चपलेखाली हलकेच रगडून फाकी करायच्या. जोर लावला की चुरा होतो. मग १२ तास पाण्यात, रात्रभर ओल्या फडक्यात. या क्रेटला दोन चहाचे चमचे, म्हणजे ४ ग्रॅमच्या आसपास. चार बोटांवर ओळी, खोली एक सेंटिमीटर. फेकून पेरण्यापेक्षा ओळी बऱ्या: तण ओळखू येतं, वारा खेळतो.

दिवस ९: पहिले कोंब. दिवस १३: बहुतेक ओळी भरल्या, प्रत्येकी दोन लांबट बीजपानं.

दिवस १६: एका कोपऱ्यातली दहा-बारा रोपं आडवी. मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला, म्हणजे मर, बुरशीचा रोग. झारी रोज त्याच कोपऱ्यातून सुरू व्हायची, तिथली माती कधी सुकलीच नाही. बुरशीला हेच हवं असतं. पडलेली रोपं भोवतालच्या मातीसकट काढली. पाणी फक्त सकाळी, तेही बोटाचं पहिलं पेर कोरडं लागल्यावर. दाटी कात्रीने विरळ केली. उपटलं की शेजारच्याची मुळं हलतात. खरं तर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, तिची पूड) पेरणीआधीच गांडूळखतात मिसळायला हवा होता, किलोला एक चमचा. मर दिसल्यावर टाकून पडलेलं रोप उठत नाही.

दिवस २४: खालची पानं फिकट पिवळी, नवी हिरवी. नत्र कमी. ५० ग्रॅम शेंगदाणा पेंड लिटरभर पाण्यात दोन दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी घालून अर्धा लिटर दिलं. झाकण घट्ट ठेवा, नाहीतर शेजारी विचारायला येतात. आठवडाभरात रंग सुधारला. पेंड तशीच मातीवर टाकली तर बुरशी आणि मुंग्या, दोन्ही.

दिवस ३३: शेंड्यांच्या आत मावा. आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुतला, बराचसा त्यातच गेला. उरलेल्यासाठी लिटरला ५ मिली नीमतेल. ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी २ मिली द्रवसाबणात घोटायचं. फवारणी संध्याकाळी; उन्हात पानं भाजतात. त्यानंतर आठवडाभर कापणी नको, चटणी कडू लागते.

दिवस ४२: उंची ७ इंच. बाहेरची पानं मातीपासून दोन इंचांवर कापली, मधला कोंब राखला. बाजारातल्यासारखी मुळासकट उपटली असती तर खेळ इथेच संपला असता. पुन्हा तीच पेंड, अर्धा लिटर.

दिवस ५८: दुसरी कापणी पहिल्याच्या निम्मी. काही रोपांची वरची पानं शेपूसारखी बारीक झाली आहेत. ही फुलावर येण्याची तयारी. शेंडा खुडून चार-पाच दिवस मिळतात, पण वास उतरलेला असतो. या टप्प्यावर खत वाढवणारे बरेच आहेत, त्याचा उपयोग नाही. दिवस मोठा होणं, उष्णता आणि रोपाचं वय यांवर पेंडेचा इलाज चालत नाही. सहा रोपं धण्यासाठी सोडली. फुलांवर येणाऱ्या सिरफिड माश्यांच्या अळ्या मावा खातात, हा वरचा नफा.

मोकळ्या ओळींत पुदिन्याच्या काड्या खोचायचा मोह टाळा, त्याचे धावते फुटवे अख्खा क्रेट घेतात. त्याला वेगळी कुंडी.

दुसरा क्रेट पहिल्याच्या विसाव्या दिवशी पेरला: ट्रायकोडर्मा आधी, बी ३ ग्रॅम. दिवस ३८ झाले, मर अजून नाही.