बाकीची पुस्तकं का नाही ठेवत?

दुकानात नवा माणूस आला की पाच मिनिटांत विचारतोच, "ताई, फक्त हीच पुस्तकं? बाकीची का नाही ठेवत?" हीच म्हणजे फुले-आंबेडकरी, बौद्ध आणि दलित साहित्याची. उत्तर नागपुरात, इंदोऱ्याच्या बाजूला, दहा बाय बाराचं माझं दुकान आहे. स्पर्धा परीक्षेची गाइडं ठेवा, वह्या ठेवा, निदान कॅलेंडरं आणि मूर्ती तरी ठेवा, असं मायेनं सांगणारे पुष्कळ आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. पगाराच्या दिवशी एकदा मला घेऊन शहरातल्या एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानात गेले आणि त्यांनी बाबासाहेबांचं पुस्तक मागितलं. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता खाली बोट दाखवलं. डायऱ्यांच्या गठ्ठ्यामागे, जमिनीलगतच्या फळीवर तीन पुस्तकं होती. बाबांनी गुडघे टेकून ती काढली, रुमालानं पुसली आणि तिन्ही घेतली. मी तेव्हा चौथीत होते. पुढच्याच दसऱ्याला बाबांनी दीक्षाभूमीच्या रस्त्यावर ताडपत्री टाकली. पुस्तकं उसनी आणलेली, विकल्यावर पैसे द्यायचे या बोलीवर. आमचं दुकान तिथून सुरू झालं.

ज्यांनी तो दसरा पाहिला नाही त्यांना सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंच्या साक्षीनं धम्मदीक्षा घेतली आणि दिली. तेव्हापासून दर दसऱ्याला गावागावांतून माणसं येतात. डोक्यावर गाठोडं, हातात लेकरू. स्तूपाला वंदन झालं की पाय वळतात ते पुस्तकांकडे. काचीपुऱ्याच्या बाजूनं, रहाटे कॉलनीच्या बाजूनं, जिकडे जागा मिळेल तिकडे पुस्तकं मांडलेली असतात. वाशीमकडची एक म्हातारी दर वर्षी माझ्याकडे येते. तिला अक्षर वाचता येत नाही. नातवाच्या हातून चिठ्ठी लिहून आणते, त्यात तीन-चार नावं असतात. पुस्तक हातात घेतलं की आधी वजन पाहते, मग पानावरून बोट फिरवते आणि म्हणते, "याचे अक्षरं बारीक आहेत बाई, मोठ्या अक्षराचं दे, पोराचे डोळे जातीन." माझ्या वर्षभराच्या विक्रीतला मोठा हिस्सा या दोन-तीन दिवसांत होतो. बाकीची पुस्तकं न ठेवता दुकान चालतं कसं, त्याचं हिशेबातलं उत्तर हे.

पण हिशेबाबाहेरचंही एक उत्तर आहे.

शासनानं बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड १९७९ पासून काढले. सुरुवातीच्या खंडांचं संपादन केलं ते आपल्या नागपूरच्याच वस्तीत वाढलेल्या वसंत मून यांनी. हे खंड कधी मिळतात, कधी वर्षानुवर्षं मिळत नाहीत. छपाई रखडल्याच्या बातमीची दखल घेऊन २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून याचिका दाखल करून घेतली होती. अशा वेळी खंड कुणाच्या घरी आहे, कोण वाचायला देईल, हे माझ्या दुकानातल्या बाकड्याला ठाऊक असतं. संध्याकाळी सहानंतर तिथे चार-पाच जण हमखास असतात. एक निवृत्त रेल्वेवाले काका, एक नर्सताई, कॉलेजची मुलं. मध्यंतरी विद्यापीठात शिकणारी एक मुलगी आली. "दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं भाषण पाहिजे, नागपूरच का निवडलं ते सांगितलेलं," एवढं ती बोलली आणि काका म्हणाले, "पंधरा ऑक्टोबरचं. अठरावा खंड, भाग तीन. माझ्याकडे आहे, उद्या आणतो." मग स्वतःहून सांगू लागले. ते तेव्हा चार वर्षांचे होते, बापाच्या खांद्यावर. धूळ आठवते आणि जिकडे पाहावं तिकडे पांढरे कपडे आठवतात, बाकी काही नाही. मुलीनं वही काढली. दोघं साडेनऊपर्यंत बोलत बसले आणि मी शटर अर्धं ओढून थांबले. त्या दिवशी त्या मुलीनं माझ्याकडून एकही पुस्तक घेतलं नाही. नंतर मात्र ती मैत्रिणींना घेऊन आली आणि कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' मागितलं. संस्कृत शिकून प्राध्यापक झालेली ही बाई नागपूरचीच, हे त्यांना बाकड्यावरच कळलं होतं.

वह्या-गाइडांच्या गर्दीत हे झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं. तिथे गिऱ्हाईक नाव सांगतं, आपण वस्तू देतो. इथे येणाऱ्याला पुष्कळदा नावच ठाऊक नसतं. "माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली होती, त्याबद्दल काही आहे का?" असं विचारतात. याचं उत्तर द्यायला दुकानदाराला एकच विषय नीट माहीत असावा लागतो आणि बाकड्यावर त्या विषयातली माणसं बसलेली असावी लागतात.

आषाढी पौर्णिमा जवळ आली की दुकानाचं रूपच बदलतं. वर्षावासाचे तीन महिने विहाराविहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. आठ खंड, रोज संध्याकाळी थोडं थोडं. आज ही बाई वाचते, उद्या ती. जिनं चाळिशीनंतर अक्षरं गिरवली तीही बोट ठेवून एक पान वाचते आणि सगळ्या जणी थांबून ऐकतात. समाप्तीला खीर. त्यासाठी मोठ्या टाइपाची, चांगल्या शिलाईची प्रत लागते. चिकटवलेली प्रत एका पावसाळ्यातच सुटते.

यंदा एका विहारातल्या दोन बाया जुनी प्रत घेऊन आल्या. पुठ्ठा गेलेला, पानं सुटलेली. मी नवी प्रत पुढे केली, किंमतही कमी लावली. मोठी बाई म्हणाली, "नवीन नको ताई. हेच शिवून द्या. याच्यात आमच्या बायांच्या खुणा आहेत." उघडून पाहिलं तर समासात पेन्सिलीनं नावं होती. जिनं जिथपर्यंत वाचलं, तिथं तिचं नाव. काही नावं सराईत, काही वाकडीतिकडी, एका ठिकाणी नुसतंच 'शां' लिहून सोडलेलं. एका पानावर मेणबत्तीचं मेण सांडून वाळलं होतं.

बाइंडरकडे देताना मी त्याला दोनदा सांगितलं, कडा कापू नको, समास जाईल. आणि ते मेण खरवडू नको.