अनुदान थांबलं? आधी चूक कुठे बसलीय ते शोधा

पासबुक भरून आणलं आणि दिव्यांग माणसाच्या सरकारी अनुदानाची दोन महिन्यांची एंट्रीच दिसली नाही, की पुण्यातल्या बहुतेक घरांमधून पहिली धाव तहसीलकडे जाते. रिक्षाला पैसे घालायचे, व्हीलचेअर पायऱ्यांवरून चढवायला माणूस शोधायचा, आणि खिडकीवर उत्तर मिळतं, "आमच्याकडून पैसे गेलेत, बँकेत विचारा." बँक म्हणते, "इथे काही आलेलं नाही." राग येतो, तो यायलाच हवा. पण ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि ती कशी ते कळलं की निम्मे हेलपाटे वाचतात.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट लाभार्थ्याच्या बँकेत, आधार क्रमांकावर पाठवले जातात. त्यात खाते क्रमांकाचा संबंध राहत नाही. एनपीसीआय ही बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी संस्था; तिच्या मॅपरमध्ये, म्हणजे आधार आणि बँकांच्या जोड्यांच्या यादीत, तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव आहे, त्या बँकेत पैसे जातात. एका आधारसमोर एकच बँक राहते, सगळ्यात शेवटी सीडिंग झालेली, म्हणजे या यादीत नोंदवलेली. मधल्या काळात कुणी घरी येऊन टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत खातं उघडून दिलं असेल, किंवा भाच्याने मोबाइलवरून नवीन खातं काढलं असेल आणि संमतीच्या चौकोनात टिक केली असेल, तर मॅपर तेव्हाच बदलला. अनुदान त्या खात्यात साचत बसलेलं असू शकतं. अशा वेळी जुन्या पासबुकाची झेरॉक्स तहसीलला पुन्हा पुन्हा देऊन काहीही हलत नाही.

तपासायला पाच मिनिटं लागतात. माय आधार पोर्टलवर ओटीपीने लॉगिन करा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव आणि स्थिती सक्रिय आहे का, ते तिथे दिसतं. ओटीपी येत नसेल तर आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद झालेला असू शकतो. तो आधार केंद्रात जाऊन बदलता येतो. बँकेत गेलात की "आधार लिंक करा" एवढंच सांगू नका. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि मॅपरमध्ये सीडिंग होणं वेगळं. "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपरमध्ये सीडिंग करायचंय" असं स्पष्ट सांगा, संमतीपत्र भरा, पोच घ्या, आणि काही दिवसांनी तेच पान पुन्हा उघडून बघा. केवायसी मागे राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत उरका.

मॅपर ठीक असेल तर नावाकडे वळा. आधार, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड आणि पासबुक शेजारीशेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. 'दत्तात्रय'च्या शेवटी एकीकडे 'ए' आहे, दुसरीकडे नाही. एका कार्डावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. एकीकडे फक्त जन्मवर्ष, तर दुसरीकडे १ जानेवारी. माणसाला हे फरक जाणवतही नाहीत; संगणक मात्र त्यावरून दोन वेगळी माणसं धरतो.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधार चुकीचं असेल तर ते आधी, मग यूडीआयडी, मग बँक, आणि सगळ्यात शेवटी तहसील. उलट्या क्रमाने गेलात तर सगळं दोनदा करावं लागतं. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून आधार बरोबर असेल तर त्याला हात लावू नका. यूडीआयडीवरचं नाव किंवा जन्मतारीख स्वावलंबन या यूडीआयडीच्या सरकारी पोर्टलवरून बदलण्याची विनंती करता येते.

अपंगत्वाच्या टक्केवारीचं तसं नाही. ती रुग्णालयातूनच दुरुस्त होते. तपासणीच्या कागदावर एक आकडा आणि कार्डावर दुसरा असेल, तर ती टंकलेखनाची चूक. दोन्हींच्या प्रती जोडून प्रमाणपत्र देणाऱ्या विभागाकडे अर्ज द्या. मूल्यमापनच मान्य नसेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे, आणि त्याची मुदत निर्णयापासून ९० दिवस. दोन प्रकारचं अपंगत्व असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, त्यासाठी सूत्र आहे. त्यामुळे एकत्रित आकडा अपेक्षेपेक्षा कमी दिसला म्हणजे चूकच झाली असं धरू नका. आणि प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची शेवटची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. कार्डाची मुदत संपण्याआधी फेरतपासणी व्हायला हवी.

पैसे येतात पण कमी येतात, हीसुद्धा चूकच आहे. या योजनांमधल्या दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये ठरले, इतरांना १,५०० राहिले. दिव्यांग असूनही १,५०० च येत असतील तर नोंद कोणत्या प्रवर्गात आहे आणि यूडीआयडी क्रमांक चढलाय का, हे लेखी विचारा. एखाद्या बाईंचा अर्ज विधवा म्हणून मंजूर झालेला असेल, तर अपंगत्वाची नोंद झालीच नसेल. उत्पन्नाच्या अटीतही अशीच गल्लत होते. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, इतरांसाठी २१,०००. तुमचा अर्ज २१,००० वर तोलून नामंजूर केला असेल तर तेच एक वाक्य लिहून फेरविचार मागा. लांबलचक व्यथा लिहू नका. चुकीची ओळ कोणती आणि बरोबर काय, एवढं टेबलावरच्या माणसाला लगेच दिसलं पाहिजे.

तोंडी बोलण्याला फाइलमध्ये जागा नसते. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. थांबलेल्या महिन्यांची थकबाकी आपोआप मिळेल असं समजू नका. महिन्यांची नावं लिहून वेगळी मागणी करा.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. "माझे पैसे का थांबले" असा प्रश्न टाकू नका, कारण अधिकाऱ्याने खुलासा द्यावा अशी त्यात तरतूद नाही, कागद मागा. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरची टिपणी, नामंजुरीचा आदेश, माझ्या नावापुढची देयकाची स्थिती. उत्तराला ३० दिवस, नंतर पहिलं अपील.

पुणेकरांना एक सोय आहे. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय इथेच, कॅम्पातल्या चर्च रोडवर आहे. तक्रारीच्या चौकशीत आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं हे संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. तक्रारीला आधीच्या अर्जांच्या शिक्का असलेल्या प्रती तारखेच्या क्रमाने लावा आणि वर एका पानात तारीखवार तक्ता द्या: कोणत्या दिवशी, कुठे, कोणता आवक क्रमांक, काय उत्तर.