फॉर्म बी मंजूर होईपर्यंत

फॉर्म बी म्हणजे जनावरांवर प्रयोग करायची परवानगी मागायचा अर्ज. जूनच्या पहिल्या आठवड्यात दिलेला तो अर्ज सही-शिक्क्यानिशी हातात पडला तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. त्या ऑफिसची पायरी आठवली की अजून डोकं तापतं.

माझी पीएचडी ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवर आहे, त्यातही गाठीपेक्षा तिच्या आजूबाजूच्या परिसरावर. मेंदूतली गाठ म्हणजे नुसत्या कॅन्सरच्या पेशी नव्हेत. तिच्यात मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या संरक्षक पेशी असतात, रक्तातून आलेले मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी असतात, वेड्यावाकड्या वाढलेल्या रक्तवाहिन्या असतात. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर बहुतेक औषधं आत जाऊच देत नाही. डिशमधल्या पेशींना यातलं काहीच नसतं, म्हणून जनावरांवर काम करावं लागतं. आणि त्यासाठी संस्थेच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ती योग्यच आहे.

दर सोमवारी अमळनेरहून सकाळच्या गाडीने जळगावला जायचे आणि ऑफिसात एकच उत्तर ऐकायचे, "मीटिंग लागली की कळवू." जुलैची मीटिंग रद्द झाली, कारण सीसीएसईएचे, म्हणजे जनावरांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीचे, प्रतिनिधी येणार नव्हते आणि त्यांच्याशिवाय मीटिंग घेता येत नाही. ऑगस्टमध्ये मीटिंग झाली, पण माझी फाइल त्यात नव्हतीच. शेवटच्या पानावर गाइडची एक सही राहिली होती म्हणून ती बाजूला काढून ठेवली होती. अडीच महिने ती फाइल त्या टेबलावर होती, मी दर आठवड्याला समोर उभी होते, आणि सही राहिलीय एवढं वाक्य कुणी बोललं नाही. घरी आई रोज विचारायची, "कव्हय व्हई तुनी मीटिंग?" सप्टेंबरअखेर झाली एकदाची. माझ्या फाइलवर कमिटीची शंका काय निघाली ते मात्र तीन आठवड्यांनी कळलं.

आता खरं सांगते, शंका अगदी बरोबर होती. मी विस्टार या जातीच्या रॅटमध्ये सी-६ नावाच्या मेंदूच्या गाठीच्या पेशी टोचणार होते, कारण त्या मिळायला सोप्या. कमिटीतल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी विचारलं होतं, परिसर अभ्यासायचाय तर सी-६ कशाला? सी-६ ची गाठ मुळात विस्टारमधलीच, पण विस्टार रॅट जनुकांनी एकसारखे नसतात, त्यामुळे जनावराची प्रतिकारशक्ती त्या पेशींना परकं समजून हल्ला करते. मग दिसणारी सूज गाठीमुळे की परकेपणामुळे, हे सांगणार कसं? न्यूड माइस या बिनकेसांच्या उंदरांमध्ये माणसाच्या पेशी वाढतात, पण तिथे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीच नसतात. मी प्रोटोकॉल बदलला: जीएल-२६१ या उंदराच्या मेंदूच्या गाठीच्या पेशी आणि सी-५७ ब्लॅक-६ जातीचे माइस. दोन्ही एकाच जातीचे, प्रतिकारशक्ती शाबूत. हा प्रश्न जूनमध्ये विचारला असता तर जुलैत उत्तर दिलं असतं.

फॉर्म देताना आवक क्रमांक लिहून घ्या. मुख्य प्रतिनिधी येऊ शकत नसतील तर लिंक नॉमिनी म्हणजे बदली प्रतिनिधी असतात, त्यांना बोलवा असा लेखी अर्ज गाइडकडून द्यायला लावा. मला हे नोव्हेंबरात कळलं.

ऑपरेशनचं शिकणं सोपं गेलं. डोकं घट्ट धरून मेंदूतली नेमकी जागा गाठणारी स्टीरिओटॅक्सिक फ्रेम, कवटीला सुईएवढं भोक, २ मायक्रोलिटर पेशी सावकाश सोडायच्या आणि सुई ५ मिनिटं तशीच ठेवायची, नाहीतर पेशी सुईच्या वाटेने वर येतात.

पण उशिराची किंमत कुणी मोजली? जनावरांनी. हिवाळ्यात संपायचं काम एप्रिलवर गेलं. दुसऱ्या बॅचचा सतरावा दिवस, बाहेर ४४ अंश, दुपारी लाइट गेली आणि जनरेटर चालू व्हायला पाऊण तास लागला. अ‍ॅनिमल हाउसचा काटा २३ वरून ३१ वर गेला. मी आणि शिपाईकाका ओल्या चादरी धरून उभे होतो. पिंजरा क्रमांक ४ मधली माइस कोपऱ्यात अंग पसरून पडली होती, श्वास भरभर चालू. आदल्या दिवशी तिचं वजन २०.६ ग्रॅम होतं, दुसऱ्या दिवशी १८.१ भरलं. चार जनावरांचा डेटा मला वगळावा लागला, म्हणजे ती चार जनावरं वाया गेली. जनावरं कमी लागावीत, त्यांना त्रास कमी व्हावा, म्हणून तर ही कमिटी आहे!

अजून एक, संख्या मागताना ऑपरेशनमध्ये दगावणाऱ्यांचा हिशेब आधीच धरा. आणि किती टक्के वजन घटलं की जनावराला वेदनारहित मरण द्यायचं, ते फॉर्ममध्ये आकड्यात लिहा. मी २० टक्के लिहिलं होतं. रोज सकाळी सातला वजन घ्यायचे, रविवारीसुद्धा.

पहिल्या बॅचच्या स्लाइड चांगल्या आल्या. मायक्रोग्लिया दाखवणाऱ्या आयबीए-१ चा तपकिरी रंग गाठीच्या कडेला दाट साचला होता, एकेक मायक्रोग्लिया फांद्या आखडून फुगलेली. दुसरी बॅच पुन्हा करायला आता परत फॉर्म बी भरलाय. या वेळी प्रत्येक पानावरची सही मी स्वतः दोनदा पाहिली, आणि आवक क्रमांक वहीत लिहून घेतलाय.