वारीत ‘कशासाठी’ विचारताना

वारीला येताना डोकं घरी ठेवून या, असं सांगणाऱ्यांशी आमचं जमत नाही. आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटरची चाल, आणि तिच्यात पावलोपावली हिशेब लागतो. पुणे ते सासवड हा टप्पा 30 किलोमीटरच्या घरातला, त्यात दिवे घाट. त्या दिवशी नवी चप्पल घातली की टाच गेलीच म्हणून समजा. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते, घासून वरचा थर सुटतो, मधे पाणी भरतं. असा फोड फोडू नये, मोजा बदलून पट्टी लावावी. जड सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, पाठीवर पाणी, पावसाचा कागद आणि औषधं, बस्स. ताप असेल तर चालू नये. ‘माउली बघून घेईल’ म्हणत तापात चालणं ही श्रद्धा नव्हे, निष्काळजीपणा आहे, आणि तो शेवटी सगळ्या दिंडीला निस्तरावा लागतो.

बुद्धी अडते ती ‘हे सगळं कशासाठी?’ इथे. साधन आणि साध्याच्या हिशेबात वारी सपशेल नापास. दर्शनच हवं तर एसटी आहे. शिवाय आषाढीला दर्शनबारी इतकी लांबते की कित्येक जण चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा घालतात आणि कळसाला हात जोडून परततात. वारी अपुरी राहिली, असं त्यांना वाटत नाही.

विण्याचं बघा. दिंडीत विणा खाली ठेवत नाहीत. विणेकरी दमला की दुसरा समोर येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि विणा या गळ्यातून त्या गळ्यात जातो. तो खाली का ठेवायचा नाही? भजन अखंड राहावं म्हणून. अखंड का? नामात खंड नको म्हणून. नामच का? पुढे तीनच वाटा उरतात. एक, ‘का’ची माळ संपतच नाही; ही अनवस्था. दोन, फिरून पहिल्याच उत्तरावर येतो, हे चक्रक. तीन, कुठेतरी थांबून म्हणतो, हे आम्ही मानलं. आयुष्याच्या अर्थाची कोणतीही मांडणी घ्या, नास्तिकाचीसुद्धा, ती याच तिठ्यावर येते. तर्क दिलेल्या गृहीतापासून पुढे चोख नेतो, पण पहिलं गृहीत त्याला स्वतः पुरवता येत नाही.

हे ज्ञानेश्वरांना पक्कं ठाऊक होतं. आपल्या ‘अमृतानुभव’ या ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात ते आधी शब्दाचं तोंडभर कौतुक करतात: आठवण करून देण्यात तो प्रसिद्ध. मग विचारतात, जे कधी विसरलंच जात नाही त्याची आठवण हा काय देणार? युक्तिवाद कडक आहे. तर्काची हद्द ते तर्कानेच आखतात, म्हणून ‘संतांनी बुद्धी नाकारली’ हे वाक्य आम्हाला आळशी वाटतं.

उलट्या बाजूची चूक रिंगणात होते. अश्व धावतो, टाळ टिपेला जातात, डोळे भरून येतात आणि नवख्याला वाटतं, उत्तर मिळालं. आनंद खरा असतो, पण तो पुरावा नाही. हजारोंच्या गर्दीत एका ठेक्यावर नाचलं की ऊर भरून येतो, तो चुकीच्या कामासाठी जमलेल्या गर्दीतही येतो. तेव्हा गृहीत मानून थांबलात तरी त्यातून पुढे काय निघतं, कोणाला त्रास होतो, हे तपासायचं काम बुद्धीकडेच राहतं. वारीतही त्याला जागा आहे: मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्यांची मिळून जी समाजआरती होते, तिथे शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावला की सगळे गप्प होतात. तक्रार असलेली दिंडी मात्र टाळ वाजवत राहते, आणि तिचं म्हणणं तिथे ऐकून घेतलं जातं.

प्रश्न घेऊन आलेल्याच्या हाती आम्ही टाळ देतो. पाऊल, टाळ आणि मृदंग जुळवताना मनाला दुसरीकडे फिरायला फारशी जागा राहत नाही. प्रश्न सुटत नाही, संध्याकाळी तळावर पुन्हा येतो. तेव्हा खुशाल वाद घालावा, फक्त वेळेत आटोपावा. उजाडायच्या बऱ्याच आधी पाण्याच्या टँकरपाशी रांग लागलेली असते.