वामकुक्षी

दुपारच्या जेवणानंतर मी डाव्या कुशीवर लवंडतो, ते पाहून पाहुण्यांना माझ्या शास्त्रनिष्ठेचे कौतुक वाटते. खरे कारण नाकात आहे. कुशीवर निजले की खालची नाकपुडी चोंदते आणि वरची मोकळी होते. माझी डावी नाकपुडी मुळातच नावापुरती असल्यामुळे तिलाच खाली घालून मी उजवी राखतो. उजव्या कुशीवर वळलो तर तोंड उघडे पडते, घसा सुकतो, आणि घोरण्यावरून घरात जे बोलले जाते त्याची उजळणी येथे नको.

शाळेत असताना पावसाळ्यात एसटीच्या बंद काचेजवळ नाक नेऊन वाफेचे ठसे उमटवण्याचा आमचा खेळ असे. शेजारच्या मुलाचे दोन सारखे ढग उठत. माझा एक रुपयाएवढा आणि दुसरा जेमतेम तिळाएवढा. तो मला ‘एकनळी’ म्हणू लागला. पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी थंडगार स्टीलची पट्टी नाकाखाली धरली, तेव्हा तेच दोन डाग पाहून मला हसू आले. आमच्याकडे सगळे ‘हाड वाढले आहे’ असेच म्हणत. डॉक्टरांच्या मते वाढलेले काहीच नव्हते, दोन नाकपुड्यांमधला पडदा, जो पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा असतो, तो डावीकडे झुकला होता.

सरळ नाकातही दोन्ही नाकपुड्या सारख्या चालत नाहीत. आतले मांसल उंचवटे काही तासांनी आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात, अशी नोंद कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये केली. आजीला ते कायझरवाचून ठाऊक होते. घराबाहेर पडताना ती नाकाखाली बोट धरून कोणता स्वर चालू आहे ते पाही, डावा असेल तर चंद्र आणि उजवा असेल तर सूर्य, आणि त्या बाजूचे पाऊल आधी उंबऱ्याबाहेर टाकी. माझा चंद्र कधी उगवलाच नाही. मात्र सूर्याची विसाव्याची पाळी आली की दोन्ही दारे बंद होतात, आणि मी मध्यरात्री भिंतीला उशी लावून बसलेला असतो.

पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया नाकाच्या आतूनच करतात, बाहेर व्रण राहत नाही, सोसवेनासे झाले की या, असे डॉक्टर म्हणाले होते, त्याला आता नऊ वर्षे झाली. जायचे ठरलेच, तर आजीच्या हिशेबाने उजवे पाऊल आधी टाकावे लागेल, एवढे नक्की.